तान्हे बाळ कोणाकडे?

किनवट-माहूरकडच्या ज्या आदिवासी मुली विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात बाळंत होतात, त्यांत एखादी अविवाहित असते. बाळाचा बाप दुसऱ्या गावी. मग त्याचे नातलग येतात, “आमच्या रक्ताचं आहे, आम्ही नेणार,” म्हणतात आणि मंडळीतले वडीलधारेही कधी कधी मान डोलावतात.

कायदा मात्र बाळाचे हित पाहतो. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती अविवाहित मातेच्याच खटल्यात सांगितले, की बापाने बाळाकडे पाहिलेच नसेल, तर आईच्या पालकत्वासाठी त्याला नोटीस देण्याची सक्ती नाही. जन्मदाखलाही तिच्या प्रतिज्ञापत्रावर मिळतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी.

बापाला बाळ हवे असेल तर? ही चांगलीच गोष्ट आहे. पण अंगावर पिणारे लेकरू आठवडे वाटून घेता येत नाही. त्याने वरचेवर यावे, तासभर मांडीवर घ्यावे, लंगोट बदलावा. बाळ वरचे खाऊ लागले, की वेळ वाढवावा. खर्च मात्र पहिल्या दिवसापासून द्यावा. लग्न झालेले नसले तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ प्रमाणे बाळाला पोटगी मागता येते. ठरेल ते कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. नाहीच जमले, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना मोफत वकील देते.