ऊर्जेचे परिवर्तन आणि श्रमिक

कळ दाबताच घरात दिवा लागतो. परंतु त्या दिव्यासाठी राबणारे हात आपल्याला दिसत नाहीत. आपल्या देशात अनेक दशके हे हात मुख्यतः कोळशाच्या खाणींत आणि औष्णिक वीजकेंद्रांत राबत आले आहेत. आता सूर्यप्रकाश व वारा यांपासूनही मोठ्या प्रमाणावर वीज निर्माण होऊ लागली आहे. विजेचा स्रोत बदलला, तर या हातांचे काय होईल?

सूर्य, वारा, वाहते पाणी यांपासून मिळणारी ऊर्जा वापरल्याने संपत नाही. म्हणून तिला नवीकरणीय ऊर्जा म्हणतात. याउलट कोळशाचे साठे मर्यादित असून तो जाळल्याने निर्माण होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वीचे तापमान वाढते. म्हणूनच २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचा संकल्प जाहीर केला. २०२५ च्या मध्यास देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व नैसर्गिक वायू यांव्यतिरिक्त अन्य स्रोतांची झाली. तरीही प्रत्यक्षात निर्माण होणाऱ्या विजेचा मोठा भाग कोळशापासूनच मिळतो. याचा अर्थ, हा बदल एका रात्रीत होणार नाही. तयारीसाठी अवधी आहे.

झारखंडमधील झरिया, छत्तीसगडमधील कोरबा, महाराष्ट्रातील चंद्रपूर या भागांचे जीवन कोळशाभोवती उभे आहे. खाणीतील कायम कामगाराला नियमित वेतन व भविष्यनिर्वाह निधी मिळतो. त्याच्या शेजारी कंत्राटी मजूर काम करतो. बाहेर मालमोटारीचा चालक, पंक्चर काढणारा, चहाची टपरी चालवणारी स्त्री, खाणावळवाला यांचीही चूल खाणीवरच पेटते. खाण बंद झाली, तर कायम कामगाराची दुसऱ्या खाणीत बदली होऊ शकते. टपरीवालीची बदली कोण करणार?

नवीन रोजगार निर्माण होत आहेत, हे खरे; परंतु त्यांतील बरेचसे निराळ्या ठिकाणी आणि निराळ्या स्वरूपाचे आहेत. मोठे सौर प्रकल्प राजस्थान, गुजरात, कर्नाटक अशा राज्यांत उभे राहिले आहेत. कर्नाटकातील पावगड या दुष्काळी तालुक्यात सुमारे १३,००० एकर जमिनीवर २,०५० मेगावॅट क्षमतेचा सौर प्रकल्प आहे. तेथे शेतकऱ्यांची जमीन विकत न घेता भाडेपट्ट्याने घेण्यात आली. त्यामुळे मालकी त्यांच्याकडेच राहिली आणि दरवर्षी निश्चित उत्पन्नही मिळू लागले. मात्र त्याच शेतांत मजुरी करणाऱ्या भूमिहीनांना भाडे मिळण्याचा प्रश्नच नव्हता. उभारणीच्या काळात पुष्कळांना काम मिळते; ती पूर्ण झाल्यावर पहारा देणे, सौरपट्ट्या धुणे, गवत कापणे अशी थोडीच कामे उरतात.

छतावरील सौरसंच व सौरपंप यांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. ते बसवण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी गावोगावी कुशल माणसे लागतात. याच हेतूने केंद्र शासनाने २०१५ मध्ये ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण सुरू केले. दहावीनंतर वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या तरुणांना त्याचा लाभ घेता येतो. राजस्थानातील तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजने तर अल्पशिक्षित व निरक्षर ग्रामीण स्त्रियांना सौरदिवे जोडण्यास व दुरुस्त करण्यास शिकवले. भाषेची अडचण त्यांनी रंगांच्या खुणा आणि हातांचे इशारे यांच्या साहाय्याने दूर केली.

२०१५ च्या पॅरिस करारात श्रमिकांसाठी ‘न्याय्य संक्रमण’ आवश्यक मानले आहे. जुने काम संपण्यापूर्वी नवे कौशल्य शिकवणे, खाणींच्या परिसरातच नवे उद्योग आणणे आणि कंत्राटी व असंघटित श्रमिकांनाही संरक्षण देणे, हे त्याचे मर्म होय. खाणकामगारांच्या पिढ्यांनी काळोखात उतरून देशाला प्रकाश दिला. नव्या प्रकाशात त्यांच्या घरी अंधार होऊ नये, एवढी काळजी घेणे हे समाजाचे कर्तव्य आहे.