हिशेबात न बसणारं प्लुटोनियम

जपानमधल्या तोकाई इथल्या कारखान्यात अणुभट्ट्यांच्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढलं जाई. २००३च्या जानेवारीत तिथल्या पंचवीस वर्षांच्या हिशेबातला घोळ जाहीर झाला. आलेल्या इंधनात सुमारे ६,९०० किलो प्लुटोनियम असायला हवं होतं. प्रत्यक्षात २०६ किलो कमी भरलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था एका बॉम्बच्या हिशेबाने ८ किलो प्लुटोनियम धरते, त्यामुळे ही तूट किरकोळ नव्हती. चोरीचा पुरावा मात्र सापडला नाही. काही प्लुटोनियम द्रव कचऱ्यात गेलं होतं, काही इंधननळ्यांच्या तुकड्यांना चिकटलं होतं, तर काहीचं क्षय होऊन अमेरिशियम झालं होतं. फेरहिशेबानंतर तफावत ५९ किलोंवर आली.

चोरी झाली नाही, मग गाजावाजा कशाला, असं कुणी म्हणेल. पण मोजणीत अवघी एक टक्का चूक धरली तरी ६,९०० किलोंमागे ६९ किलो होतात. एवढ्या मोठ्या साठ्यात चूक कुठली आणि चोरी कुठली, हे नुसती वही सांगू शकत नाही. म्हणूनच मोहोरबंद टाक्या, सतत चालू कॅमेरे आणि अचानक होणाऱ्या तपासण्या लागतात. यात खर्च होतो, कामही खोळंबतं, ही तक्रार खरी आहे. अभियंत्यांच्या प्रामाणिकपणावरही कुणाचा संशय नाही. तरीही उत्पादन करणाऱ्यानेच स्वतःचा हिशेब तपासायचा, हे बँकेतही चालत नाही. सरकारी नियामक कारखान्यापासून स्वतंत्र हवा, आणि तूट दिसताच काम थांबवण्याचा अधिकार त्याच्या हाती हवा.