कानबाईच्या मिरवणुकीत टिकणारा लिप ग्लॉस

लिंबायतच्या मैत्रिणींनो, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसणार, सोमवारी विसर्जनाला आपण नाचणार. त्यात सुरतचा दमटपणा! तेव्हा ग्लॉस जरा बघून घ्या. बऱ्याच ग्लॉसमध्ये चिकटपणा पॉलिब्युटीनमुळे येतो. खोक्यावरच्या यादीत हे नाव अगदी वर असेल तर ग्लॉस टिकतो खरा, पण मोकळे केसही ओठांना चिकटतात. केस सोडायचेच असतील तर पातळ, तेलकट ग्लॉस बरा.

आधी ओठांच्या रंगाचा लायनर कडेने फिरवून आतही भरा. ग्लॉस फक्त खालच्या ओठाच्या मधोमध, एक ठिपका. कडेपर्यंत थापला की ओघळलाच म्हणून समजा.

जरीची साडी, नथ आणि ओठ चमकत असताना पापण्यांवर पुन्हा चमकी कशाला? मॅट तपकिरी आयशॅडो, वॉटरप्रूफ काजळ, बस्स! डोळे सोनेरी हवेच असतील तर ग्लॉसला सुट्टी द्या, मॅट लिपस्टिक लावा. सावळ्या रंगावर फिका गुलाबी मला पांढुरका वाटतो. विटकरी किंवा जांभळट खुलून दिसतो.

आणि एकच ग्लॉस सगळ्या जावा-नणंदांत फिरवू नका, ओठांवर फोड आणणारा संसर्ग त्यातून पसरू शकतो. खोक्यावर उघड्या डबीच्या चित्रात १२एम लिहिलेलं असेल, तर उघडल्यापासून १२ महिन्यांत तो संपवायचा.