कार्यालयात परतण्याची सक्ती आणि कर्मचारी-गळती : व्हिडिओ गेम उद्योगाच्या संदर्भात

प्रस्तावना :
मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर संगणकावर होणारी बहुतेक कामे घरून होऊ लागली. व्हिडिओ गेमची निर्मिती हे त्यांपैकीच एक काम होय. साथ ओसरल्यावर कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना कार्यालयात परत बोलावले आणि त्याबरोबरच राजीनाम्यांचा प्रश्न पुढे आला. बुलढाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजीसारख्या गावातून संगणकाची पदवी घेऊन पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या तरुणांशीही हा प्रश्न निगडित आहे. हजेरीच्या नियमामुळे नोकरी कोण सोडतो व का, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सक्तीचे स्वरूप :
‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या मालिकेची निर्माती रॉकस्टार गेम्स या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये, एप्रिलपासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्याचा आदेश दिला. उत्पादकता व गोपनीयता ही कारणे सांगण्यात आली. २०२२ मध्ये याच मालिकेतील अपूर्ण खेळाची दृश्ये चोरीस जाऊन प्रसिद्ध झाली होती, हे येथे लक्षात घ्यावे लागते. ब्रिटनमधील आयडब्ल्यूजीबी या कामगार संघटनेने आदेशास विरोध केला.

महाराष्ट्राशी अधिक जवळचे उदाहरण युबिसॉफ्टचे आहे. या फ्रेंच कंपनीची पुण्यातील शाखा २००८ पासूनची, तर मुंबईतील शाखा २०१८ मधील आहे. कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये आठवड्यातून तीन दिवसांची उपस्थिती अनिवार्य केली. ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधील कर्मचाऱ्यांनी संप केला. जानेवारी २०२६ मध्ये पाच दिवसांच्या उपस्थितीचे धोरण जाहीर झाले.

गळतीची कारणमीमांसा :
टाळेबंदीच्या काळात अनेकांनी घर, मुलांची शाळा, वृद्ध आईवडिलांची देखभाल यांची नवी घडी बसवली. नवा आदेश ती घडी मोडतो. ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिलेल्या गटात राजीनामे सुमारे एक-तृतीयांशाने घटले, बढत्यांवर मात्र विपरीत परिणाम झाला नाही. ही घट स्त्रिया व लांबून येणारे कर्मचारी यांच्यात विशेष होती. मुंबईस्थित टीसीएसच्या २०२२-२३ च्या वार्षिक अहवालातही स्त्रियांची गळती पुरुषांहून अधिक झाल्याचे नमूद आहे. तत्कालीन मनुष्यबळ प्रमुख मिलिंद लक्कड यांनी त्याचा संबंध घरून काम करताना बदललेल्या कौटुंबिक व्यवस्थेशी जोडला होता.

ज्यास अन्यत्र नोकरी सहज मिळते, तो आधी बाहेर पडतो. कपात करताना कोणास काढावे हे कंपनी ठरवते. सक्तीमुळे होणाऱ्या गळतीत ती निवड तिच्या हाती राहत नाही. एका खेळाची निर्मिती अनेक वर्षे चालते. एखादी आज्ञावली विशिष्ट रीतीने का लिहिली, हे पुष्कळदा लिहिणाऱ्यासच ठाऊक असते. त्यामुळे अनुभवी व्यक्ती गेल्यास तिचे काम नव्याने समजून घ्यावे लागते.

दुसरी बाजू :
कार्यालयाचे महत्त्व नाकारता येत नाही. चित्रकार, आज्ञावलीकार, ध्वनिसंयोजक व परीक्षक यांच्या सततच्या देवाणघेवाणीतून खेळ घडतो. नवोदित तर शेजारी बसलेल्या ज्येष्ठाचे काम पाहूनच शिकतो. ग्रामीण भागातून आलेल्या, या क्षेत्रात ओळखपाळख नसलेल्या पदवीधरास हा सहवास विशेष मोलाचा असतो.

निष्कर्ष :
तीन दिवसांचा नियम हा मध्यममार्ग मानला जातो; परंतु तो शहरात राहणाऱ्यांपुरताच मध्यममार्ग आहे. वडनेर भोलजीपासून पुणे सुमारे ४०० किलोमीटर आहे. येथील तरुणासाठी तीन दिवस काय नि पाच दिवस काय, दोहोंचा अर्थ पुण्यात खोली घेणे असाच होतो. गावी राहून शेती व आईवडिलांकडे पाहत नोकरी करण्याची टाळेबंदीत निर्माण झालेली शक्यता दोन्ही नियमांत संपते. म्हणून महाविद्यालयीन मार्गदर्शनात केवळ वेतनाचा आकडा सांगणे पुरेसे नाही. नेमणूकपत्रात कामाचे ठिकाण कोणते लिहिले आहे, ते बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि शहरातील भाडे वजा जाता हाती काय उरते, हे विद्यार्थ्यास नोकरी स्वीकारण्यापूर्वीच तपासावयास शिकवणे आवश्यक आहे.