बर्ड फ्लू विषाणूचे सस्तन प्राण्यांशी अनुकूलन : जनुकीय उत्परिवर्तनांची भूमिका

प्रस्तावना :
सन १९९७ मध्ये हाँगकाँग येथे एच५एन१ या पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झा विषाणूची लागण १८ व्यक्तींना झाली व त्यांपैकी ६ जण दगावले. तथापि हा विषाणू माणसांमाणसांत सहजपणे पसरला नाही. सस्तन प्राण्याचा बळी घेणारा विषाणू त्यांच्यात संक्रमित मात्र का होत नाही, आणि तो अडसर कसा दूर होऊ शकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उत्परिवर्तनांचे स्वरूप :
या विषाणूचा जनुकसंच आरएनएच्या ८ खंडांचा असून त्यात सुमारे १३,५०० न्यूक्लिओटाइड असतात. त्याची नक्कल करणाऱ्या पॉलिमरेज या विकराला स्वतःच्या चुका दुरुस्त करता येत नाहीत. त्यामुळे उत्परिवर्तने सतत घडतात. ती हेतुशून्य असतात व बहुतांश निरुपयोगी ठरतात. विषाणू ‘जुळवून घेतो’ हा केवळ भाषेचा उपचार होय. नव्या यजमानात उपयोगी पडणारा बदल ज्यात योगायोगाने घडला, त्या विषाणूची संतती टिकते, एवढेच.

पेशीतील प्रवेश :
हिमॅग्लुटिनीन हे पृष्ठप्रथिन यजमान पेशीवरील सायलिक आम्लास चिकटते. पक्ष्यांमध्ये या आम्लाची जोडणी प्रामुख्याने अल्फा-२,३ प्रकारची, तर मानवी श्वसनमार्गाच्या वरच्या भागात अल्फा-२,६ प्रकारची असते. माणसाच्या फुफ्फुसात खोलवर मात्र पहिला प्रकारही आढळतो. म्हणूनच आजार गंभीर होतो, पण खोकल्याशिंकेतून प्रसार होत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, गाईंमधील साथीच्या एच५एन१ विषाणूच्या हिमॅग्लुटिनीनमध्ये २२६ व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी ल्युसिन आल्यास ते मानवी प्रकारच्या ग्राहींना चिकटू लागते.

पेशीतील वृद्धी :
प्रवेशानंतर पॉलिमरेजला यजमानाच्या एएनपी३२ए या प्रथिनाचे साहाय्य लागते. बहुतेक पक्ष्यांत या प्रथिनामध्ये ३३ अमिनो आम्लांचा एक अधिकचा तुकडा असतो. सस्तन प्राण्यांत तो नसतो. त्यामुळे तेथे पक्ष्यांच्या विषाणूचे पॉलिमरेज मंदावते. पीबी२ या घटकातील ६२७ व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आल्यास ही उणीव भरून निघते. त्यासाठी एकाच न्यूक्लिओटाइडचा बदल पुरतो. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये दुभत्या गाईंमध्ये आढळलेल्या विषाणूंत बहुतांशी ६२७ ऐवजी ६३१ व्या स्थानी बदल झालेला होता. एकाच अडसरावर मात करण्याचे मार्ग अनेक असू शकतात, हे यातून स्पष्ट होते.

बदलांची बेरीज :
एखादे उत्परिवर्तन सहसा पुरेसे नसते. रॉन फुशिए यांच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हवेतून फेरेट प्राण्यांमध्ये पसरणाऱ्या एच५एन१ विषाणूंत हिमॅग्लुटिनीनमधील ४ व पीबी२ मधील १ असे ५ बदल सातत्याने आढळले. त्यांतील काही बदल संशोधकांनी हेतुतः घडविले होते, तर काही प्राण्यांमधील वारंवार संसर्गातून निर्माण झाले.

समारोप :
महाराष्ट्रात २००६ मध्ये नवापूर येथील कुक्कुटपालन केंद्रांत एच५एन१ आढळला होता. २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा येथे ३ वाघ व १ बिबट्या त्याच विषाणूस बळी पडले. सस्तन प्राण्यातील प्रत्येक संसर्ग म्हणजे विषाणूस लाभलेली निवडीची नवी संधी होय. म्हणून मृत पक्ष्यांची मोजदाद करून थांबणे पुरेसे नाही. बाधित सस्तन प्राण्यांतील विषाणूंचा जनुकक्रम तपासून तो त्वरित उपलब्ध करून दिला, तरच बदलांची ही बेरीज पूर्ण होण्यापूर्वी सावध होता येईल.