अंतर वाढलं, वेळ घटला
वाटा आकाशातल्या : लेखांक ७

मागच्या आठवड्यात पृथ्वीगोलावर दोरा ताणून आपण विमानतळांमधलं अंतर मोजलं. तोच दोरा आज दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्कोवर धरा. तो ना अटलांटिकवरून जातो, ना पॅसिफिकवरून. उत्तर ध्रुवाच्या जवळून निघतो आणि भरतो सुमारे १२,४०० किलोमीटर.

विमानं मात्र दोऱ्यावरून चालत नाहीत. एअर इंडिया २०१५ च्या डिसेंबरपासून हा पल्ला न थांबता गाठत होती, अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटर उडून. २०१६ च्या ऑक्टोबरात कंपनीनं वाट बदलली. विमान पूर्वेला तोंड करून निघालं आणि पॅसिफिक ओलांडून सुमारे १५,३०० किलोमीटर उडालं. चौदाशे किलोमीटरचा वळसा! पण पोचलं साडेचौदा तासांत, जुन्या वाटेपेक्षा जवळपास दोन तास आधी.

भागाकार करून बघा. ताशी साधारण १,०५५ किलोमीटर येतात. बोइंग ७७७ ची स्वतःची चाल नऊशेच्या आसपास. वरचे दीडशे वाऱ्यानं दिले. विमान जमिनीवरून धावत नाही, हवेतून जातं. ती हवाच पुढे सरकत असेल तर विमानही तिच्याबरोबर सरकतं. भरती बघून खाडीत होडी लोटणाऱ्याला हे समजवावं लागत नाही.

हा वारा म्हणजे जेट प्रवाह. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात जपानवर ताशी तीनशेच्याही पुढे जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता. जगानं वाचावं म्हणून अहवाल एस्पेरांतोत लिहिला, आणि जगानं तो नेमका त्यामुळेच वाचला नाही. १९४४ मध्ये टोकियोवर गेलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना हा वारा भेटला, तेव्हा कुठे त्याची दखल घेतली गेली.

आता तिकिटाकडे वळू. लेकाकडे निघालेल्या आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा मला विचारलं, ‘‘पहाटे चारला सुटून सहाला पोचतं? दोनच तास?’’ त्यांचं वाचन अगदी बरोबर होतं. उन्हाळी वेळेत सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असतं. साडेचौदातून साडेबारा गेले, उरले दोन. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तारीख एक दिवस मागे जाते, म्हणून उतरतानाही तारीख तीच.

येताना हेच साडेबारा तास अंगावर येतात. तिथून सकाळी दहाला निघालात आणि सोळा तास लागले, तर दिल्लीत दुसऱ्या दिवशी दुपारचे अडीच. आणि पॅसिफिकचाच रस्ता धरला तर सोळाही पुरायचे नाहीत, कारण तोच वारा आता समोरून येतो. मग वैमानिक कुठून आणतात विमान, ते पुढच्या आठवड्यात.