नदीकाठी जायला वाट हवी

पुण्यात येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठावर झाडाझुडपांचा एक पट्टा आहे. पक्षिनिरीक्षक तो ‘डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य’ या नावाने ओळखतात. हिवाळ्यात इथे पाहुणी बदके उतरतात. खंड्या, बगळे, घारी तर नेहमीच्याच. मात्र दुर्बीण घेऊन येणारे सोडले, तर सर्वसामान्य पुणेकराचे पाय तिकडे क्वचितच वळतात. राडारोडा, कचरा, पाण्याची दुर्गंधी आणि आडबाजूची भीती ही त्याची साधी कारणे. राज्यातल्या अनेक शहरांत नदीकाठच्या मोकळ्या जागांची हीच गत आहे.

हा प्रश्न आरोग्याचाही आहे. इंग्लंडमधील सुमारे 20 हजार लोकांच्या पाहणीवर आधारित एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला किमान 120 मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली प्रकृती उत्तम असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले. ही दोन तासांची भेट एका दमात असो वा तुकड्यातुकड्यांत, फरक पडला नाही. अर्थात मुळात निरोगी असलेली माणसेच जास्त फिरतात, ही शक्यता अशा पाहणीत पूर्णपणे वगळता येत नाही. तरीही झाडांखालचे चालणे रक्तदाब, मधुमेह आणि मनावरचा ताण या तिन्हींसाठी हिताचे, यावर डॉक्टरांचे दुमत नाही.

जागा नुसती असून भागत नाही, ती हाताशी हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाचा ठोकताळा असा, की घरापासून 300 मीटरच्या आत, म्हणजे पाच मिनिटांच्या चालीवर, किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असावी. नकाशावर नदी 200 मीटरवर असली, तरी मधल्या भिंतीमुळे दोन किलोमीटरचा वळसा पडत असेल, तर गुडघेदुखीने बेजार आजींसाठी ती नसल्यातच जमा. ज्यांच्या घराला अंगण नाही आणि क्लबचे सदस्यत्व परवडत नाही, त्यांनाच या काठाची खरी गरज असते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. वस्तीकडून थेट आत नेणारी प्रवेशद्वारे, चाकाची खुर्ची वळू शकेल अशी दीड मीटर रुंद, दाबून बसवलेल्या मुरुमाची पायवाट, ठरावीक अंतरावर सावलीतली बाके, पिण्याचे पाणी आणि पूररेषेबाहेर स्वच्छतागृह. महिलांना एकटीने जाता यावे, यासाठी सकाळ-संध्याकाळ रखवालदार आणि लांबवर नजर पोहोचेल अशी वाट हवी. बसथांबा जवळ असेल तर मोठ्या वाहनतळाचीही गरज उरत नाही.

सुधारणेच्या नावाखाली काठालाच काँक्रीट घातले, तर मात्र मूळ फायदाच हातचा जातो. करंज, उंबर, वाळुंज यांची मुळे काठाची माती धरून ठेवतात, सावली हवा थंड ठेवते आणि मोकळी जमीन पुराचे पाणी सामावून घेते. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची म्हणजे लाल. निळ्या रेषेच्या आतली जमीन नदीचीच समजावी. पायवाट शक्यतो पाण्यापासून दूर ठेवावी आणि काठाचा काही भाग फक्त पक्ष्यांसाठी सोडावा. रात्रीचे प्रखर दिवे आणि ध्वनिक्षेपक टाळावेत.

सर्वांत निकडीचे काम पाण्याचे. सांडपाणी प्रक्रियेविना नदीत मिसळत राहिले, तर डास आणि दुर्गंधी माणसांना पुन्हा हुसकावून लावतील. तोवर काठावर फिरणाऱ्यांनी पाण्यात उतरू नये, पायांना जखम असल्यास पावसाळ्यात चिखल टाळावा आणि संध्याकाळी अंगभर कपडे घालावेत. पूर ओसरल्यानंतरच्या दिवसांत ताप आला, तर अंगावर न काढता लेप्टोस्पायरोसिसची शक्यता डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

प्रभागाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवल्या जातात, तेव्हा रस्ते आणि गटारांच्या जोडीने नदीकडे जाणारी एक पायवाटही मागता येईल.